साम्राज्यवाद कशामुळे? : एका अभ्यास-घटकाच्या प्रकल्प नोंदी

४ जून

व्याप्ती ठरली. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय साम्राज्यवादाच्या कारणांवर इतिहासकारांचा जो वाद सव्वाशे वर्षं चालू आहे, त्यावर मराठीत ४० पानांचा अभ्यास-घटक, सोबत घडीचा एक कालपट आणि शेवटी एक सराव. वाचक म्हणजे एम.ए.चे आणि स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी. त्यांच्या हातात आज ‘आर्थिक, राजकीय, सामाजिक, धार्मिक कारणे’ अशी चार खणांची टिपणं असतात.

पहिला आराखडा आम्हीही चार खणांचाच केला. तो दुपारपर्यंत टिकला नाही. हॉब्सन या साम्राज्यवादाच्या ब्रिटिश टीकाकाराला ‘आर्थिक’ खणात टाकलं, तर त्याचंच म्हणणं असं की देशाभिमान, साहस, लष्करी हौस, धर्मप्रसार ही इंजिनाला चालवणारी ताकद आहे आणि वित्तव्यवहार हा तिचा नियंत्रक. जर्मन इतिहासकार वेलरकडे मंदी आर्थिक, पण वसाहती घेण्याचा हेतू राजकीय. ब्रिटिश इतिहासकार रॉबिन्सन आणि गॅलाघर ‘राजकीय’ म्हणून ओळखले जातात, पण त्यांचे मंत्री भारताचा जो रस्ता सांभाळतात त्या रस्त्यावरून माल आणि पैसाच जातो. खण चार, आणि प्रत्येक माणूस दोन-तीन खणांत.

आराखडा रद्द. नवीन पद्धत: लेखकामागे नव्हे, दाव्यामागे एक कार्ड.

६ जून

कार्डाचा नमुना पक्का केला. प्रत्येक कार्डावर पाच ओळी:

दावा, एका वाक्यात. तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे. कोणत्या वर्षांना आणि कोणत्या प्रदेशाला लागू आहे. काय सापडलं तर तो कोसळेल. लिहिताना लेखकासमोर काय चाललं होतं.

चौथी ओळ भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि तीच कामाची. अर्थशास्त्रज्ञ शुंपीटरच्या कार्डावर ती भरताच येईना. १९१९ मध्ये त्याने मांडलं की साम्राज्यवाद हा भांडवलशाहीचा नव्हे, जुन्या लढवय्या सरंजामी वर्गाचा उरलेला संस्कार आहे. ठोस हेतू नसलेली विस्ताराची ओढ. आता एखाद्या मोहिमेमागे ठोस हेतू सापडला, तर ‘मग तो खरा साम्राज्यवादच नव्हे’ अशी पळवाट त्याच्या व्याख्येतच आहे. ओळ रिकामी ठेवून कडेला तसं लिहिलं.

रॉबिन्सन-गॅलाघर यांची तीन कार्डं झाली. १९५३ चा लेख म्हणतो की ब्रिटनचा विस्तार शतकभर सलग होता. जमेल तिथे अनौपचारिक ताबा, गरज पडली तिथेच राज्य. १९६१ चं आफ्रिकेवरचं पुस्तक (तिसरी लेखिका अ‍ॅलिस डेनी; हे नाव बहुतेक टिपणांत गळतं) स्थानिक पेचप्रसंग आणि लंडनच्या अधिकाऱ्यांची विचारपद्धत यांवर भर देतं. १९७२ मध्ये एकट्या रॉबिन्सनने नजर पलीकडे वळवली: स्थानिक सहकारी मिळत होते तोवर राज्य करायची गरज नव्हती, ते मिळेनासे झाले की ताबा घ्यावा लागला. तिन्ही एकाच कार्डावर कोंबली की विद्यार्थी १९५३ च्या वाक्याला १९६१ चा पुरावा लावतात.

११ जून

परिभाषेचा दिवस.

‘साम्राज्यवाद’ आणि ‘वसाहतवाद’ मराठीत सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. इथे चालणार नाही. अर्जेंटिना ब्रिटनची वसाहत नव्हता, पण त्याच्या रेल्वेत ब्रिटिश पैसा होता. तिथे साम्राज्यवाद होता का, हाच तर वाद. ठरलं: वसाहतवाद म्हणजे परक्या प्रदेशावर थेट राज्य, साम्राज्यवाद म्हणजे दुसऱ्या समाजावर वर्चस्व, राज्य असो वा नसो. कुणी लेखक वेगळ्या अर्थाने वापरत असेल तर कार्डावर नोंद.

रॉबिन्सन-गॅलाघर यांच्या ‘अधिकाऱ्यांच्या मना’साठी ‘दफ्तरी मन’ घेतलं. ‘शासकीय मानसिकता’ म्हटलं की आजच्या कचेरीतला लालफितीचा कारभार डोळ्यांसमोर येतो. मूळ अर्थ वेगळा आहे. जुन्या फायलींतून आणि आधीच्या पेचांतून घडलेली, मंत्री बदलले तरी न बदलणारी विचारपद्धत. दफ्तर या शब्दात ती जुनी कागदपत्रं आपोआप येतात.

इतिहासकार केन आणि हॉपकिन्स यांच्या ‘जंटलमनली कॅपिटॅलिझम’ या संज्ञेवर अर्धा दिवस गेला. ‘सभ्य भांडवलशाही’ म्हटलं तर ती चांगली वागणारी भांडवलशाही वाटते, ‘सज्जन’ म्हटलं तर हसूच येतं. त्यांना म्हणायचंय ते असं: जमीनदार घराणी आणि लंडनच्या सिटीतले सावकार, विमेवाले, पेढीवाले यांचा मिळून झालेला वर्ग, शाळा एक, क्लब एक, सोयरीकही आपसांत. मँचेस्टरचा गिरणीमालक त्यात नाही. ‘खानदानी भांडवलशाही’ पक्कं केलं.

लेनिनच्या पुस्तकाच्या नावात ‘सर्वोच्च अवस्था’ आहे. मराठीत त्याची ‘अंतिम अवस्था’ व्हायला वेळ लागत नाही. १९१७ ची पहिली छापील आवृत्ती ‘नवीनतम अवस्था’ या नावाने निघाली होती. तळटीप न देता मजकुरातच एक वाक्य घातलं.

१४ जून

हॉब्सन आणि लेनिन ही जोडगोळी फोडण्याचं काम. टिपणांत ‘हॉब्सन-लेनिन सिद्धांत’ असा जोडशब्द असतो, जणू एकच दुकान.

हॉब्सनचं पुस्तक १९०२ चं. १८९९ मध्ये तो ‘मँचेस्टर गार्डियन’साठी दक्षिण आफ्रिकेत होता, बोअर युद्धामागे खाणमालक आणि त्यांच्या हातातली वृत्तपत्रं आहेत हे मत तिथलं. पण ‘अपुऱ्या उपभोगा’ची कल्पना त्याने १८८९ मध्येच ममरी या उद्योजकासोबत मांडली होती. (हा ममरी म्हणजे १८९५ मध्ये नंगा पर्बतवर मरण पावलेला गिर्यारोहक.) म्हणजे सिद्धांत आधी तयार होता, प्रकरण नंतर मिळालं. दक्षिण आफ्रिकेवरच्या लेखनात ज्यू सावकारांविषयीचा त्याचा आकसही उघड आहे. कार्डावर तो झाकायचा नाही.

मुख्य फरक असा की हॉब्सनच्या मते रोग बरा होणारा आहे. मजुरी वाढवा, घरातली खरेदी वाढेल, भांडवलाला बाहेर धावावं लागणार नाही. लेनिनच्या मते मक्तेदारीच्या टप्प्यावर हा औषधोपचार शक्य नाही.

लेनिनने १९१६ च्या पहिल्या सहामाहीत झुरिकमध्ये लिहिलं, तेही झारच्या सेन्सॉरच्या हिशेबाने. रशियाचं उदाहरण द्यायचं तिथे जपान घातला, पोलंड-फिनलंडच्या जागी कोरिया. ‘लेनिनला कोरियाची एवढी माहिती कुठून’ असा प्रश्न अभ्यासकांकडून येऊ शकतो. उत्तर घटकात दिलं.

त्याचा भांडवल-निर्यातीचा तक्ता जसाच्या तसा उतरवला. १९१० च्या सुमाराचे आकडे, अब्ज मार्कमध्ये. ब्रिटन: युरोपात ४, अमेरिका खंडांत ३७, ‘आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया’त २९, एकूण ७०. फ्रान्स: २३, ४ आणि ८, एकूण ३५. जर्मनी: १८, १० आणि ७, एकूण ३५.

तिसरा रकाना पाहा. आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया एकाच पिशवीत. सिडनीची ट्राम, मुंबईची रेल्वे आणि नायजरकाठची वखार या तक्त्यात एकच आहेत. आफ्रिकेच्या वाटणीमागे भांडवल होतं की नव्हतं, हे या तक्त्यातून कुणालाही सिद्ध करता येत नाही. खोडताही येत नाही. फ्रान्सची ओळ मात्र बोलते: ३५ पैकी २३ युरोपातच.

१५ जून

कालचं पुढे. १९६९ मध्ये इतिहासकार एरिक स्टोक्सने दाखवलं की लेनिनचे टीकाकार चुकीच्या माणसाला पकडून बसले आहेत. मक्तेदारी भांडवलशाही पक्की झाली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, असं लेनिन स्वतः लिहितो. त्याचा मुख्य प्रश्न १९१४ चं युद्ध हा आहे: वाटून झालेल्या जगाची फेरवाटणी. ‘१८८० च्या दशकात मक्तेदाऱ्या नव्हत्या, म्हणून लेनिन चूक’ हा आक्षेप त्यामुळे बराचसा वाया जातो.

पूर्ण नाही. युरोपीय सत्तांच्या ताब्यातली आफ्रिका १८७६ मध्ये १०.८ टक्के आणि १९०० मध्ये ९०.४ टक्के, हे आकडे लेनिननेच दिले आहेत आणि ती वाढ वित्तीय भांडवलाकडे होणाऱ्या वाटचालीशी जोडली आहे. कार्डाच्या तिसऱ्या ओळीत दोन्ही लिहिलं: ‘मुख्यतः १९०० नंतर, १८७६ पासूनची वाढ पूर्वतयारी म्हणून’.

२१ जून

गुंतवणुकीचे आकडे. १९१३ च्या अखेरीस ब्रिटनची परदेशी गुंतवणूक, जाहीर रोख्यांवरून मोजलेली, सुमारे ३७६.३ कोटी पौंड. त्यातले भाग (कोटी पौंड, कंसात एकूणाशी टक्केवारी, आम्ही काढलेली):

सगळं साम्राज्य मिळून १७८ (४७.३)
कॅनडा व न्यूफाउंडलंड ५१.४९ (१३.७)
ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड ४१.६४ (११.१)
हिंदुस्थान व सिलोन ३७.८८ (१०.१)
दक्षिण आफ्रिका ३७.०२ (९.८)
पश्चिम आफ्रिका ३.७३ (१.०)
अमेरिकेची संयुक्त संस्थानं ७५.४६ (२०.१)
अर्जेंटिना ३१.९६ (८.५)

पश्चिम आफ्रिका एक टक्का. फ्रान्सचंही तेच: १९१४ मध्ये सुमारे ४,५०० कोटी फ्रँक बाहेर, त्यातले १,१३० कोटी एकट्या रशियात आणि सगळ्या वसाहती मिळून ४००. इतिहासकार फील्डहाऊसने १९६१ मध्ये हॉब्सनवर जो वार केला तो असाच: ज्या भांडवलासाठी वसाहती घेतल्या म्हणता, ते वसाहतींत गेलंच नाही.

या आकड्यांनी काय काय बिघडतं:

एक, हा १९१३ चा साठा आहे. प्रश्न १८८२ मध्ये इजिप्तचा ताबा घेण्यासारख्या निर्णयाचा. तीस वर्षांनंतरची शिल्लक पाहून सुरुवातीचा हेतू ठरवता येत नाही. सोनं मिळेल म्हणून जमीन घेतली आणि सोनं निघालं नाही, तर हेतू सोन्याचा नव्हता असं होत नाही.

दोन, ‘साम्राज्य’ या रकान्यात कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया आहेत. ४७ टक्के पाहून हॉब्सनवाले खूश होतात, पण यातलं फारच थोडं १८७० नंतर जिंकलेल्या प्रदेशात आहे.

तीन, एकूण आकडाच फुगलेला आहे, असं इतिहासकार प्लॅटचं म्हणणं. टक्केवारीवर याचा परिणाम किती ते सांगता येत नाही, म्हणून दशांश स्थळं छापताना काढायची. १३.७ ऐवजी १४.

चार, आणि हे महत्त्वाचं: हॉब्सनचा दावा राष्ट्राच्या एकूण भांडवलाचा नाहीच. देशाला तोटा आणि मूठभरांना नफा, हेच तो सांगतो. त्याला खोडायला एकूण बेरीज पुरत नाही. ते मूठभर कोण, आणि मंत्र्यांपर्यंत त्यांचा हात पोचत होता का, हे पाहावं लागतं. मात्र हॉब्सननेही स्वतःच्या पुस्तकात एकूण गुंतवणुकीची आणि बळकावलेल्या प्रदेशांची यादी शेजारी-शेजारी मांडली आहे. फील्डहाऊसला दार त्यानेच उघडून दिलं.

निर्णय: खंडवार चर्चा कमी करायची आणि एकच प्रकरण बारकाईने घ्यायचं. इजिप्त, १८८२. सगळ्या गटांनी त्यावर लिहिलंय, आणि तारखा पक्क्या आहेत.

२८ जून

इजिप्तची तारीखवार पट्टी. आधी चलन: इजिप्शियन पौंड आणि स्टर्लिंग एक नव्हेत. ९७.५ पियास्त्र म्हणजे एक स्टर्लिंग; इजिप्शियन पौंड १०० पियास्त्रचा, म्हणून थोडा महाग. जुन्या पुस्तकांत दोन्ही नुसते ‘पौंड’ छापलेले असतात. फरक अडीच टक्क्यांचा, पण कर्जाच्या बेरजा जुळत नाहीत त्याचं एक कारण हे.

कर्जाची सुरुवात मराठी वाचकाला ओळखीच्या ठिकाणी सापडते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१–६५) कापूस अडला. मुंबईत बॅकबेच्या शेअरचा फुगा फुगला, आणि नाईलकाठीही तसाच पैसा आला. इजिप्तचा शासक इस्माईल गादीवर आला तो १८६३ मध्ये, ऐन तेजीत. मुंबईचा फुगा १८६५ मध्ये फुटला. इस्माईलने कापसाच्या भावावर बेतलेले खर्च कर्ज काढून चालू ठेवले.

१७ नोव्हेंबर १८६९: सुएझ कालवा खुला.

नोव्हेंबर १८७५: ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीने इस्माईलचे कालव्यातले १,७६,६०२ शेअर सुमारे ४० लाख पौंडांना घेतले, रॉथ्सचाइल्डकडून पैसे उचलून. ‘ब्रिटनने कालवा विकत घेतला’ हे वाक्य आमच्या पहिल्या मसुद्यातही होतं, काढलं. एकूण शेअर चार लाख, म्हणजे ४४ टक्के. त्यांची लाभांशाची कुपनं १८९४ पर्यंत आधीच गहाण पडलेली होती, आणि कंपनीच्या नियमाने एका भागधारकाला जास्तीत जास्त दहा मतं.

एप्रिल १८७६: हप्ते थकले. मे मध्ये कर्ज-निधीची आंतरराष्ट्रीय कचेरी. कर्ज ९ कोटी पौंडांच्या वर.

जून १८७९: इस्माईल पदच्युत, तौफीक गादीवर.

जुलै १८८०: कर्जफेडीचा कायदा. महसुलाचा निम्म्याच्या आसपास भाग कर्जाला बांधलेला.

९ सप्टेंबर १८८१: उराबी या राष्ट्रवादी लष्करी अधिकाऱ्याच्या पलटणी कैरोच्या आब्दीन राजवाड्यासमोर. (वर्णान्तर: जुन्या इंग्रजी पुस्तकांमुळे मराठीत ‘अराबी पाशा’ रुळला होता. अरबीत ‘उराबी’. सगळीकडे उराबी, अनुक्रमणिकेत दोन्ही.)

८ जानेवारी १८८२: ब्रिटन-फ्रान्सचं संयुक्त पत्र, खेदिवाच्या (इजिप्तच्या शासकाच्या) पाठीशी असल्याचं. २६ जानेवारीला पॅरिसमध्ये पंतप्रधान गँबेटाचं सरकार पडलं.

११ जून: अलेक्झांड्रियात दंगल, सुमारे ५० युरोपीय ठार, इजिप्शियनही मेले. ११ जुलै: सेमूरच्या ब्रिटिश आरमाराची तोफमारी. ब्रिटिश मंत्रिमंडळातून जॉन ब्राइटचा राजीनामा. २९ जुलै: फ्रेंच संसदेने पैसे नाकारले, ब्रिटन एकटा उरला. १३ सप्टेंबर: तेल-अल-केबीरच्या लढाईत उराबीचा पराभव. ब्रिटिश सेनापती वुल्झलीच्या फौजेत हिंदुस्थानातून आलेली तुकडी होती, आणि तिच्या खर्चाचा काही भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला.

३० जून

या एका पट्टीवर चार वाचनं बसवली.

रोखेवाल्यांचं (इजिप्तचे कर्जरोखे घेतलेल्यांचं) वाचन: कर्ज बुडू नये म्हणून ताबा. अडचण अशी की राष्ट्रवादी पुढारी कर्ज मान्यच करत होते. प्रतिनिधी सभेने मागितला होता तो अंदाजपत्रकाच्या दुसऱ्या अर्ध्यावरचा, म्हणजे कर्जाला न बांधलेल्या भागावरचा, हक्क.

रॉबिन्सन-गॅलाघर: रोखे दुय्यम, कालवा आणि भारताचा रस्ता मुख्य; कैरोतली सत्ता कोसळल्यामुळे इच्छा नसलेल्या उदारमतवादी मंत्रिमंडळाला आत ओढलं गेलं. कालव्यातल्या जहाजांत सुमारे ८० टक्के वाटा ब्रिटिशांचा, हे त्यांच्या बाजूने.

इतिहासकार शोल्श: ‘कोसळली’ कुठे? कैरोत राज्य चालू होतं. अराजकाचं चित्र रंगवलं ते जाग्यावरच्या अधिकाऱ्यांनी. ब्रिटिश नियंत्रक ऑकलंड कॉल्व्हिन हाच लंडनच्या ‘पाल मॉल गॅझेट’ला कैरोची बातमीपत्रं पाठवत होता, म्हणजे सरकारला अहवाल देणारा आणि वाचकांचं मत घडवणारा एकच. (हाच कॉल्व्हिन पुढे वायव्य प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला आणि १८८८ मध्ये काँग्रेसवरून ह्यूमशी त्याचा पत्रवाद झाला. हिंदुस्थान आणि इजिप्त यांत ये-जा करणारी ही एक जातच होती: बेअरिंगही (पुढचा लॉर्ड क्रोमर) कलकत्त्याचं अर्थखातं सांभाळून १८८३ मध्ये कैरोला गेला.)

हॉपकिन्स, १९८६: कालव्याला धोका होता हे दाखवा. उराबीने कालवा अडवला नाही; कालवा बांधणाऱ्या लेसेप्सच्या आश्वासनावर विसंबून मोकळा ठेवला, आणि ऑगस्टमध्ये वुल्झली त्याच कालव्यातून इस्माइलियाला उतरला. तेव्हा कारण लंडनमध्ये शोधा: व्यापार, गुंतवणूक आणि त्यांना आपलं मानणारा खानदानी वर्ग.

आमचं मत: कालव्याच्या धोक्यावर हॉपकिन्सचा आक्षेप मजबूत आहे. पण ‘धोका नव्हता’ आणि ‘मंत्र्यांना धोका वाटला नव्हता’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दफ्तरी मनाच्या सिद्धांताला दुसरं पुरतं. घटकात ही वाक्यं वेगवेगळ्या रंगात.

२ जुलै

ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टनचे रोखे. त्याच्या रोजनिशीच्या संपादनातून पुढे आलं की १८८२ मध्ये त्याच्या खासगी गुंतवणुकीपैकी ३७ टक्के इजिप्तच्या खंडणीवर काढलेल्या कर्जात होती. विद्यार्थ्याला हे सांगितलं की वाद त्याच्यापुरता मिटतो: सापडला चोर. म्हणूनच आकडा घटकाच्या सुरुवातीला नको, शेवटी. आणि त्याच्यासोबत प्रश्न: हे रोखे नसते तर त्याने वेगळं काय केलं असतं, आणि हे कोणत्या कागदातून कळेल? ताब्याचा आग्रह मंत्रिमंडळात ग्लॅडस्टनपेक्षा इतरांचा जास्त होता. त्या इतरांच्या गुंतवणुकीचा आकडा शेजारी नसताना एकट्या ३७ चा वजनदार पुरावा होत नाही. खानदानी भांडवलशाहीला मात्र तो उपयोगी पडतो: लाच म्हणून नव्हे, तर एवढा मोठा माणूस असा पैसा गुंतवणं किती नेहमीचं मानत होता याची खूण म्हणून.

९ जुलै

साखळीची चाचणी. रॉबिन्सन-गॅलाघर यांच्या १९६१ च्या पुस्तकाचा दुसरा दावा: इजिप्तमुळे फ्रान्स दुखावला, म्हणून पश्चिम आफ्रिकेत धाव सुरू झाली. चौथ्या ओळीप्रमाणे, १८८२ च्या आधीची फ्रेंच हालचाल सापडली तर दावा डळमळतो.

सापडते. सेनेगल ते नायजर रेल्वेची फ्रेंच योजना १८७९ ची. फ्रेंच संशोधक ब्राझाचा काँगोतल्या माकोको राजाशी करार सप्टेंबर १८८० चा. ट्युनिसवरचा बार्दोचा तह १२ मे १८८१ चा. बेल्जियमच्या लिओपोल्ड राजासाठी स्टॅनली काँगोत १८७९ पासून. न्यूबरी आणि कान्या-फोर्स्टनर यांनी १९६९ मध्ये नेमकं हेच मांडलं: फ्रेंच धोरण १८७९–८० मध्येच बदललं होतं.

पण पट्टीवर अजून एक खूण आहे. ब्राझाचा तो करार दोन वर्षं पडून होता. फ्रेंच संसदेने तो मंजूर केला नोव्हेंबर १८८२ मध्ये, तेल-अल-केबीरनंतर दोन महिन्यांनी. म्हणजे इजिप्तने धाव सुरू केली नसेल, वेग दिला असं म्हणायला जागा आहे. कार्डावर ‘सुरुवात’ खोडून ‘वेग’ लिहिलं.

१६ जुलै

चाचणी वाचनात तीन जणांनी एकच चूक केली: ‘बर्लिन परिषदेत आफ्रिकेची वाटणी झाली.’ १५ नोव्हेंबर १८८४ ते २६ फेब्रुवारी १८८५ या परिषदेच्या अंतिम करारात वाटणीचा नकाशा नाही. काँगो आणि नायजरवरचा व्यापार व वाहतूक, आणि कलम ३४–३५: यापुढे किनाऱ्यावर नवा ताबा घेतला तर इतरांना कळवायचं आणि प्रत्यक्ष सत्ता बसवायची. फक्त किनाऱ्यावर. सरहद्दी पुढच्या दुपक्षीय करारांतून आखल्या गेल्या. चूक आमच्याच उपशीर्षकामुळे होत होती (‘बर्लिन: वाटपाचं टेबल’). बदललं.

दुसरी चूक बिस्मार्कची. ‘माझा आफ्रिकेचा नकाशा युरोपात आहे’ हे त्याचं वाक्य वसाहतींविषयीच्या अनास्थेचा पुरावा म्हणून देतात. ते डिसेंबर १८८८ चं आहे. दक्षिण-पश्चिम आफ्रिका, टोगो, कामेरून सगळं १८८४ मध्येच घेऊन झालं होतं. नंतरच्या वाक्यावरून आधीचा हेतू काढू नये. वेलर (१९६९) १८७३ नंतरच्या मंदीतून, घरातला असंतोष बाहेर वळवण्याच्या युक्तीतून स्पष्टीकरण देतो. दुसरे म्हणतात, इंग्रजधार्जिण्या युवराजाला अडचणीत टाकायला इंग्लंडशी भांडण हवं होतं. दोन्ही एक-एक परिच्छेद. जास्त जागा नाही.

२२ जुलै

पोर्तुगालला एक पान, आणि ते गोव्याच्या वाचकासाठी फुकट जोडलेलं नाही. हॅमंडच्या १९६६ च्या पुस्तकाचं उपशीर्षक पोर्तुगालच्या साम्राज्यवादाला ‘अनार्थिक’ म्हणतं: गरीब देश, प्रतिष्ठेसाठी आफ्रिका धरून बसलेला. क्लॅरेन्स-स्मिथने १९८५ मध्ये आपल्या उपशीर्षकात फक्त तो ‘अन’ काढून टाकला आणि बंदिस्त बाजारपेठ, परकीय चलन यांचा हिशेब मांडला. वाद कसा चालतो हे दाखवायला याहून छोटं उदाहरण नाही.

गोव्याची जोड अशी: डिसेंबर १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने गोव्यातल्या मिठावर ब्रिटिश हिंदुस्थानचं नियंत्रण आलं, बदल्यात मुरगाव बंदर आणि रेल्वेची वाट खुली झाली. झेंडा पोर्तुगालचा, मीठ इंग्रजांच्या कायद्यात. आमच्या ११ जूनच्या व्याख्येप्रमाणे हा वसाहतवादावर बसलेला दुसऱ्याचा अनौपचारिक साम्राज्यवाद. व्याख्या इथे उपयोगी पडली.

दादाभाईंचा निचऱ्याचा सिद्धांत मुख्य तक्त्यात घ्यायचा की नाही, यावर चर्चा. त्यांचं मोठं पुस्तक १९०१ चं, हॉब्सनच्या एक वर्ष आधीचं. पण ते ‘साम्राज्य काय करतं’ याचं उत्तर आहे, ‘ते का घेतलं’ याचं नव्हे. वेगळ्या चौकटीत.

२९ जुलै

साधनांचं प्रकरण. हेड्रिकने १९८१ मध्ये क्विनाइन, आगबोट, मागून ठासायची बंदूक, तारायंत्र यांचा हिशेब मांडला. १८५४ च्या नायजर सफरीत क्विनाइन नियमित घेतल्याने एकही युरोपीय तापाने मेला नाही. १८४१ च्या मोहिमेत तापाने दाणादाण उडाली होती. हे पटण्यासारखं. पण साधन हे कारण नव्हे, हे सांगायला आम्ही आफ्रिका सोडून खडकी घेतली. ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशव्यांविरुद्ध लढणाऱ्या कंपनीकडे यातलं एकही साधन नव्हतं, आणि पुढच्या जूनमध्ये बाजीराव शरण आला. साधनांनी १८८० नंतरचा वेग आणि स्वस्ताई समजते. इच्छा समजत नाही.

६ ऑगस्ट

सराव तयार. आठ कार्डं, लेखकाचं नाव आणि साल झाकलेलं. शेजारी इजिप्तची पट्टी. काम: प्रत्येक कार्डाला आधार देणारी एक आणि अडचणीत आणणारी एक तारीख शोधणं. ‘कोण बरोबर’ हा प्रश्न विचारलेला नाही. पहिल्या चाचणीत तो होता, आणि सगळ्यांनी ‘सर्व कारणे एकत्रितपणे जबाबदार’ असं लिहून हात झटकले. गुण: आधाराच्या तारखेला १, अडचणीच्या तारखेला २.

पट्टीवर खालची एक रांग इजिप्शियन बाजूची वाढवली: सैन्यात तुर्की-चर्केस अधिकाऱ्यांना मिळणारी बढती, फलाहांवरचा (शेतकऱ्यांवरचा) कर, प्रतिनिधी सभा, ७ फेब्रुवारी १८८२ चा मूलभूत कायदा. ती नसताना उराबी पट्टीवर आकाशातून पडल्यासारखा येत होता.

१३ ऑगस्ट

छपाई. कालपट ए-३ आडवा, रुंदी ४२० मिलिमीटर, मधोमध एक घडी. पट्टी १८६९ ते १८९०. दर वर्षाला १५ मिमी, फक्त १८८२ ला महिन्याला ७ प्रमाणे ८४ मिमी, दोन्हीकडे साडेदहाचा समास. नमुना प्रत आली तेव्हा घडी जानेवारी १८८२ च्या मध्यातून गेलेली, संयुक्त पत्र आणि गँबेटाचं पतन यांच्या बरोबर मधून. शाई तिथेच फाटते, आणि वाद तिथेच सर्वांत दाट आहे.

वर्ष १४ मिमी केलं. डावीकडे रांगांच्या नावांसाठी २८ मिमी, उजवीकडे १४. आता २८ आणि तेरा वर्षांचे १८२ मिळून २१०: घडी १८८१ आणि १८८२ च्या मधल्या रेषेवर. संयुक्त पत्राची खूण घडीच्या उजवीकडे जेमतेम दोन मिलिमीटर. तिचा मजकूर उजवीकडे वाढवायचा, डावीकडे नाही, असं छापखान्याला लिहून दिलं.